लिनक्स लॅपटॉपवर वायफाय दिसत नाही? आधी कार्डाचा नंबर वाचा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि नाशकात कपाटांतले जुने लॅपटॉप बाहेर निघाले. कुणी सातपूर-अंबडच्या कंपनीतून मोडीत निघालेला घेतला, कुणाचा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला घेतलेला, कुणी मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासासाठी धाकट्या भावाला द्यायचा म्हणून पुसून ठेवलेला. विंडोज ११ यांतल्या बहुतेकांवर चढत नाही. लिनक्सचं मिंट किंवा उबंटू मजेत चढतं, आवाज येतो, टचपॅड चालतो, आणि उजव्या कोपऱ्यात वायफायचं चिन्हच नसतं.

मग लोक लॅपटॉपचं मॉडेल गुगलवर टाकून पुढे ‘वायफाय ड्रायव्हर डाउनलोड’ लिहितात. गाडं अडतं ते इथेच. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपांत कंपनीने दोन वेगळी वायफाय कार्डं बसवलेली असतात, त्यामुळे मॉडेलच्या नावावरून काहीच ठरत नाही. शिवाय लिनक्समध्ये ड्रायव्हर वेबसाइटवरून उतरवून ‘सेटअप’वर डबल क्लिक करायचा नसतो. तो बहुधा कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आधीच असतो. कमी पडत असते ती एखादी फाइल, एखादी परवानगी किंवा एखादं बटण. यांतलं नेमकं काय कमी आहे ते कार्डाच्या नंबरावरून कळतं. म्हणून खाली जे काही सांगितलंय त्याला तो नंबर लागणारच.

टाइप करण्याबद्दल एवढंच: कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये (कमांड लिहायच्या खिडकीत) त्या इंग्रजीत, लहान लिपीत, इंग्रजी आकड्यांसह लिहायच्या. जागा आहे तिथे जागा, डॅश आहे तिथे डॅश. टर्मिनल कंट्रोल-ऑल्ट-टी दाबून उघडतं.

आधी तात्पुरतं नेट

वायफाय सुरू करायला नेट लागतं आणि नेटला वायफाय. घरी राउटर असेल तर लॅनची केबल लावा, विषय संपला. नसेल तर अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये ‘हॉटस्पॉट अँड टेदरिंग’खाली ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. नुसता हॉटस्पॉट चालणार नाही, कारण तो पकडायलाही वायफायच लागतं. हे उघड आहे, तरी प्रत्येक वेळी कुणीतरी ‘थांब, मी हॉटस्पॉट देतो’ म्हणतंच.

टेदरिंगचा पर्याय राखाडी दिसत असेल तर दोष बहुधा केबलचा. एम. जी. रोडवर स्वस्तात मिळणाऱ्या कित्येक केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतातच. फोनसोबत आलेली केबल शोधा. आणखी एक कामाची गोष्ट: यूएसबी टेदरिंग करताना फोन स्वतः घरच्या वायफायवर असला तरी तेच नेट लॅपटॉपला मिळतं. म्हणजे अडीच-तीनशे एमबीच्या अपडेटला मोबाइलचा डेटा घालवायची गरज नाही.

नंबर कसा वाचायचा

टर्मिनलमध्ये ही कमांड द्या (पहिला शब्द एल-एस-पी-सी-आय असा सलग):

एलएसपीसीआय -एनएनके

भरपूर ओळी येतील. त्यांत ‘नेटवर्क कंट्रोलर’ हे शब्द असलेली ओळ शोधा. ‘इथरनेट कंट्रोलर’ ही लॅनची, ती सोडा. दहा वर्षांपूर्वीच्या बऱ्याच लॅपटॉपांवर साधारण असं दिसतं:

०२:००.० नेटवर्क कंट्रोलर [०२८०]: ब्रॉडकॉम बीसीएम४३१४२ ८०२.११बी/जी/एन [१४ई४:४३६५]
कर्नल ड्रायव्हर इन यूज: बीसीएमए-पीसीआय-ब्रिज
कर्नल मॉड्यूल्स: बीसीएमए

शेवटच्या चौकटी कंसातला १४ई४:४३६५ हा आपला नंबर. कोलनच्या अलीकडचे चार कंपनीचे, पलीकडचे चार चिपचे. ८०८६ म्हणजे इंटेल, १४ई४ ब्रॉडकॉम, १०ईसी रिअलटेक, १६८सी अ‍ॅथेरॉस, १४सी३ मीडियाटेक. हा नंबर कागदावर लिहून घ्या.

‘ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ भरलेली दिसली की लोक समजतात ड्रायव्हर बसलाय. वरच्या उदाहरणात तसं नाही. बीसीएमए-पीसीआय-ब्रिज हा नुसता कार्डाच्या आतल्या जोडणीपर्यंत पोचवणारा दुवा आहे. रेडिओ चालवणारा ड्रायव्हर पुढे कुणीच नाही. म्हणून ओळ आहे की नाही एवढंच बघू नका, तिच्यात नाव कुणाचं आहे तेही बघा. इंटेलला आयडब्ल्यूएलवायफाय, अ‍ॅथेरॉसला एटीएच९के किंवा एटीएच१०के, रिअलटेकला आरटीएल किंवा आरटीडब्ल्यूने सुरू होणारं, मीडियाटेकला एमटीने सुरू होणारं नाव दिसायला हवं.

यूएसबीचा छोटा डोंगल असेल तर तो या यादीत येणार नाही. त्याला एलएसयूएसबी ही कमांड. तिथे नंबर ०बीडीए:१ए२बी असा दिसला तर घाबरू नका. रिअलटेकचे काही डोंगल खोचल्यावर आधी स्वतःला सीडी-ड्राइव्ह म्हणून ओळख देतात, कारण त्यांच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर ठेवलेला असतो. फाइल मॅनेजरमध्ये ती सीडी ‘इजेक्ट’ केली की डोंगल खऱ्या रूपात येतो. दर वेळी हे करायला नको म्हणून यूएसबी-मोडस्विच हे पॅकेज बसवा.

इंटेल आणि अ‍ॅथेरॉस: फक्त फर्मवेअर

हे दोन निघाले तर नशीब चांगलं. ड्रायव्हर कर्नलमध्ये असतोच. प्रश्न असतो फर्मवेअरचा, म्हणजे चिप सुरू होताना तिच्यात भरायच्या छोट्या फाइलचा. ती फाइल कंपनी देते, तिचा सोर्स खुला नसतो, म्हणून काही डिस्ट्रो (मिंट, उबंटू, डेबियन अशा लिनक्सच्या तयार आवृत्त्या) ती वेगळी ठेवतात. अ‍ॅथेरॉसच्या जुन्या एटीएच९के कार्डांना तर तीही लागत नाही. जुन्या बाजारात असा लॅपटॉप मिळाला तर डोळे मिटून घ्या.

फर्मवेअरची अडचण आहे का ते असं बघा:

सुडो डीएमईएसजी | ग्रेप -आय फर्मवेअर

‘फेल्ड विथ एरर -२’ असं आलं तर फाइल सापडलेली नाही. पण इंटेलच्या बाबतीत अशा दोन-तीन ओळी पाहून लगेच निष्कर्ष काढू नका. तो ड्रायव्हर सगळ्यात नव्या आवृत्तीपासून सुरू करून खाली एकेक फाइल शोधत जातो. शेवटी ‘लोडेड फर्मवेअर व्हर्जन’ अशी ओळ असेल तर वरच्या तक्रारींना काही अर्थ नाही.

उबंटू-मिंटवर लिनक्स-फर्मवेअर हे पॅकेज पुन्हा बसवा:

सुडो अ‍ॅप्ट अपडेट
सुडो अ‍ॅप्ट इन्स्टॉल --रीइन्स्टॉल लिनक्स-फर्मवेअर

डेबियनवर पॅकेजं वेगळी आहेत: इंटेलला फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय, रिअलटेकला फर्मवेअर-रिअलटेक, अ‍ॅथेरॉसला फर्मवेअर-अ‍ॅथेरॉस. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून हे सगळं इन्स्टॉलरमध्येच येतं. जुन्या डेबियनवरून चढत आलेल्या मशीनवर मात्र सोर्सेसच्या यादीत (पॅकेजं कुठून घ्यायची ते सांगणाऱ्या) ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा शब्द आहे ना ते तपासा. नंतर लॅपटॉप पूर्ण बंद करून चालू करा. नुसत्या रिस्टार्टने चिपचा वीजपुरवठा कधीकधी तुटतच नाही आणि ती जुन्याच अवस्थेत अडकून राहते.

ब्रॉडकॉम: खरं काम इथे

कंपनीतून निघालेल्या जुन्या लॅपटॉपांवर गाठ पडते ती याच्याशी. १४ई४:४३६५ या चिपला कर्नलमधला खुला ड्रायव्हर चालत नाही. ब्रॉडकॉमचाच डब्ल्यूएल नावाचा बंदिस्त ड्रायव्हर बसवावा लागतो, आणि तो आपल्या कर्नलसाठी आपल्याच मशीनवर जुळवून तयार होतो. हे काम डीकेएमएस नावाचं साधन करतं. कर्नल बदलला की पुन्हा जुळवायचं तेही तेच बघतं.

मिंटमध्ये मेन्यूत ‘ड्रायव्हर मॅनेजर’ आणि उबंटूत ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’ आधी उघडून बघा. ब्रॉडकॉमचं नाव दिसेल, निवडा, ‘अप्लाय’ दाबा. मिंटची एक सोय फार थोड्यांना माहीत असते: नेट नसेल तर इन्स्टॉल करताना वापरलेला पेनड्राइव्ह लावा, ड्रायव्हर मॅनेजर त्यातूनच पॅकेज घेतो. पेठ-सुरगाण्याकडे रेंज शोधत टेकडीवर जावं लागतं, तिथे याची किंमत कळते.

टर्मिनलमधून करायचं तर:

सुडो अ‍ॅप्ट इन्स्टॉल डीकेएमएस बिल्ड-इसेन्शियल लिनक्स-हेडर्स-$(यूनेम -आर)
सुडो अ‍ॅप्ट इन्स्टॉल ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस

उबंटूच्या काही आवृत्त्यांत दुसऱ्या पॅकेजचं नाव बीसीएमडब्ल्यूएल-कर्नल-सोर्स असं आहे. डेबियनवर आधी सोर्सेसच्या यादीत ‘कॉन्ट्रिब’ आणि ‘नॉन-फ्री’ चालू करावं लागतं. पहिल्या ओळीतले हेडर्स (ड्रायव्हर कर्नलशी जुळवायला लागणाऱ्या फाइली) विसरू नका. ते नसले तर पॅकेज बसल्यासारखं दिसतं पण ड्रायव्हर तयारच होत नाही, आणि माणूस तासभर रीस्टार्ट करत बसतो.

ड्रायव्हर तयार व्हायला जुन्या मशीनवर काही मिनिटं जातात. या लॅपटॉपांच्या बॅटऱ्या मेलेल्या असतात, आणि पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबककडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. मधेच बंद पडला तर परत चालू करून

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए

दिलं की अर्धवट राहिलेलं काम पुढे जातं. मग जुने अडवणारे मॉड्यूल (कर्नलला जोडले जाणारे ड्रायव्हरचे तुकडे) काढून नवं चढवा:

सुडो मॉडप्रोब -आर बी४३ बीसीएमए एसएसबी
सुडो मॉडप्रोब डब्ल्यूएल

‘मॉड्यूल नॉट फाउंड’ असं पहिल्या ओळीला आलं तर हरकत नाही. जे चढलेलंच नव्हतं ते काढायचा प्रश्न येत नाही. दुसऱ्या ओळीला काहीही न येणं ही चांगली बातमी. काही क्षणांत शेजाऱ्यांची वायफायं दिसायला लागतील.

त्याहून जुनी ब्रॉडकॉम कार्डं, उदाहरणार्थ १४ई४:४३१५, खुल्या बी४३ ड्रायव्हरवर चालतात. त्यांना फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर हे पॅकेज लागतं. दोन्ही पॅकेजं एकत्र बसवू नका, ती एकमेकांच्या पायात येतात.

सिक्युअर बूट आणि निळा पडदा

दुसऱ्या मॉडप्रोबला ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ आलं तर ड्रायव्हरमध्ये दोष नाही. सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेलं काही चालू न देणारी सोय) चालू आहे आणि घरी तयार झालेल्या मॉड्यूलवरची सही कर्नल ओळखत नाही. खात्री करायला:

मोकयुटिल --एसबी-स्टेट

(एम-ओ-के-यू-टी-आय-एल, सलग.) उबंटू-मिंटवर ड्रायव्हर बसवतानाच एक पासवर्ड ठरवायला सांगतात, आठ ते सोळा अक्षरांचा. तो लॉगिनचा नव्हे, फक्त एकदा लागणारा. पुढच्या बूटला ‘परफॉर्म एमओके मॅनेजमेंट’ असं लिहिलेला निळा पडदा येतो आणि दहाएक सेकंदांत काही दाबलं नाही तर निघून जातो. बहुतेकांचं इथेच चुकतं: रीस्टार्ट देऊन चहा आणायला जायचं, परत येईपर्यंत पडदा गेलेला. समोर बसून राहा. कुठलंही बटण दाबा, ‘एन्रोल एमओके’, मग ‘कंटिन्यू’, ‘यस’, पासवर्ड, ‘रीबूट’. पासवर्ड टाइप करताना ठिपकेसुद्धा दिसत नाहीत, आणि तिथे कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा असतो, म्हणून पासवर्डमध्ये चिन्हं नकोत, साधी अक्षरं आणि आकडे ठेवा.

संधी हुकली तर उबंटू-मिंटवर

सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी --एन्रोल-की

देऊन परत रीस्टार्ट. डेबियन १२ आणि पुढे किल्ली /व्हार/लिब/डीकेएमएस/ या फोल्डरमधल्या मोक.पब फाइलमध्ये असते. ती मोकयुटिल --इम्पोर्टने द्यायची. बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन सिक्युअर बूट बंद करणं हाही मार्ग आहे आणि जुन्या घरगुती लॅपटॉपवर मी त्याला नाव ठेवणार नाही. विंडोज शेजारी ठेवलं असेल आणि त्यात बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर मात्र आधी रिकव्हरी की हाताशी ठेवा, नाहीतर विंडोज ती मागून अडून बसतं.

रिअलटेक: आधी कर्नल किती जुना ते बघा

रिअलटेकसाठी नेटवर गिटहबचे पन्नास दुवे सापडतात. त्यांतले बरेच आता कालबाह्य आहेत. यूनेम -आर देऊन आपला कर्नल बघा. आरटीएल८७२३डीई कर्नल ५.८ पासून, आरटीएल८८२१सीई ५.९ पासून, आरटीएल८८५२बीई ६.२ पासून मूळ कर्नलमध्ये आहे. उबंटू २४.०४ आणि त्यावर उभ्या मिंट २२ मध्ये कर्नल ६.८ आहे, म्हणजे तिन्ही चालायला हवीत. डेबियन १२ मध्ये ६.१, तिथे ८८५२बीई आपोआप दिसणार नाही. अशा वेळी बाहेरचा ड्रायव्हर जुळवत बसण्यापेक्षा बॅकपोर्ट्समधून (जुन्या डेबियनसाठी नवी पॅकेजं ठेवतात तिथून) नवा कर्नल घ्या किंवा सरळ डेबियन १३ वर जा.

आरटीएल८८२१सीई अधूनमधून गोठत असेल तर /ईटीसी/मॉडप्रोब.डी/ या फोल्डरमध्ये .कॉन्फने संपणारी नवी फाइल करून एवढी एकच ओळ लिहा:

ऑप्शन्स आरटीडब्ल्यू८८_पीसीआय डिसेबल_एएसपीएम=१

दुसरा नेहमीचा पेशंट आरटीएल८७२३बीई. ड्रायव्हर आहे, वायफाय दिसतं, पण राउटर असलेल्या खोलीबाहेर गेलं की रेंज गायब. कारण साधं आहे: कार्डावर अँटेनाची दोन टोकं, लॅपटॉपात तार एकच, आणि ड्रायव्हर नेमका रिकाम्या टोकावर ऐकत बसतो. त्याच फोल्डरमध्ये आणखी एका फाइलीत ही ओळ:

ऑप्शन्स आरटीएल८७२३बीई एएनटी_एसईएल=२

रीस्टार्ट करा, फरक नाही पडला तर २ च्या जागी १. सिग्नल पाचपैकी एका दांडीवरून चारवर जाताना दिसतो.

मीडियाटेक, आणि कार्डच बदलायची वेळ

एमटी७९२१ कर्नल ५.१२ पासून चालतं. एमटी७९०२ला मात्र कर्नलमध्ये वर्षानुवर्षं ड्रायव्हर नव्हता. हे कार्ड निघालं आणि तुमच्या डिस्ट्रोचा कर्नल ते ओळखत नसेल तर मी रात्री जागवण्याच्या बाजूचा नाही. कार्ड बदला.

घेताना एकच गोष्ट नीट बघा. इंटेलचं एएक्स२०१ किंवा एएक्स२११ घेऊ नका. त्यांचा अर्धा मेंदू इंटेलच्या प्रोसेसरकडे असतो, त्यामुळे ती एएमडीच्या लॅपटॉपवर चालतच नाहीत आणि इंटेलच्याही सगळ्यांवर नाही. एएक्स२०० किंवा एएक्स२१० ही स्वतंत्र कार्डं आहेत. आकार एम.२ २२३०. दुकानदाराला हा नंबर लिहूनच द्या, ‘इंटेलचं चांगलं कार्ड’ म्हणू नका. जुन्या एचपी आणि लेनोव्होच्या काही लॅपटॉपांत बायोस ठरावीक कार्डंच स्वीकारतो, तेवढं आधी तपासा. तसा असेल तर त्यांतलंच कार्ड घ्या, नाहीतर डोंगल.

बसवताना बॅटरीचा कनेक्टर आधी काढा. अँटेनाच्या दोन बारीक तारांची गोल टोकं कार्डावर सरळ वरून ठेवून अंगठ्याच्या नखाने दाबायची. ‘टिक’ असं जाणवतं. तिरपं दाबलं तर टोक चपटं होतं आणि मग ती तार गेलीच.

ड्रायव्हर आहे, तरी बंद

आरएफकिल लिस्ट ही कमांड द्या. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड: यस’ असेल तर सुडो आरएफकिल अनब्लॉक वायफाय. ‘हार्ड ब्लॉक्ड: यस’ म्हणजे लॅपटॉपचं बटण, कडेचा सरकता स्विच किंवा एफएनसोबतची विमानाची की. लेनोव्हो आयडियापॅडच्या काही मॉडेलांत स्विच नसतोच, तरी आयडियापॅड_लॅपटॉप हे मॉड्यूल तो बंद आहे असं सांगत राहतं. सुडो मॉडप्रोब -आर आयडियापॅड_लॅपटॉप देऊन बघा. वायफाय उठलं तर मॉडप्रोब.डी फोल्डरमध्ये ‘ब्लॅकलिस्ट आयडियापॅड_लॅपटॉप’ अशी ओळ कायमची ठेवा.

चालतं पण तुटतं

उबंटू-मिंटवर वीज वाचवण्यासाठी वायफाय डुलक्या घेतं. /ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/कॉन्फ.डी/ मध्ये डीफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन.कॉन्फ ही फाइल आहे. पत्त्यातल्या ‘नेटवर्कमॅनेजर’मधले एन आणि एम कॅपिटल. फाइलीतला ३ काढून २ लिहा. २ म्हणजे बंद. व्हिडिओ कॉल दर थोड्या वेळाने अडकत असेल तर हे सगळ्यात आधी करावं.

इंदिरानगर किंवा गंगापूर रोडच्या दाट इमारतींत २.४ गिगाहर्ट्झवर इतके राउटर बोलत असतात की तिथे ५ गिगाहर्ट्झ हाच इलाज. फोनला ५चं नेटवर्क दिसतं आणि लॅपटॉपला नाही, असं असेल तर आधी कार्ड ड्युअल बँड आहे का बघा. वरचं बीसीएम४३१४२ फक्त २.४चं आहे, त्याच्यापुढे डोकं आपटून उपयोग नाही. ड्युअल असेल तर आयडब्ल्यू रेग गेट देऊन देशाचा कोड बघा. ‘००’ असेल तर

सुडो आयडब्ल्यू रेग सेट आयएन

यातला आयएन मात्र कॅपिटलमध्ये. इंटेलची बरीच कार्डं देश स्वतःच ठरवतात, त्यांच्यावर याचा परिणाम होत नाही.

कर्नल अपडेटनंतर गेलं तर

डब्ल्यूएलसारख्या बाहेरच्या ड्रायव्हरचं हे कायमचं दुखणं. सकाळी अपडेट, दुपारी वायफाय नाही. डीकेएमएस स्टेटस देऊन बघा: नव्या कर्नलच्या नावापुढे ‘इन्स्टॉल्ड’ दिसत नसेल तर ड्रायव्हर त्याच्यावर जुळलेला नाही. लॅपटॉप चालू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रब (कर्नल निवडायचा मेन्यू) उघडा, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून मागचा कर्नल निवडा, वायफाय परत येईल. मग निवांतपणे नव्या कर्नलचे हेडर्स बसवा आणि सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल -के आणि त्यापुढे नव्या कर्नलचं पूर्ण नाव असं द्या. तरी जुळलं नाही तर ड्रायव्हरच्या पॅकेजची सुधारित आवृत्ती येईपर्यंत मागच्याच कर्नलवर राहा. सुडो अ‍ॅप्ट ऑटोरिमूव्ह देताना मात्र यादी वाचा. ज्या कर्नलवर वायफाय चालतंय तो त्यात असेल तर ‘एन’ दाबा.